दोन बांगड्यांमधली जागा

परवापरवापर्यंत अजमतबीच्या डाव्या हातात काचेच्या तीन बांगड्या असायच्या, पण त्या मनगटावर कधी खुळखुळायच्या नाहीत. ती त्या वर सरकवायची आणि जिथं अडतील तिथं सोडून द्यायची. दोन-चार मापाची हिरवी मनगटाच्या चार बोटं वर थांबायची, दोन-सहाची लाल हाताच्या मध्यावर आणि दोन-आठची पिवळी कोपराच्या अलीकडं. या तिघींच्या मध्ये, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीचे दोन पट्टे राहायचे. अजमतबी त्यांना खोल्या म्हणते.

"खालच्या खोलीत सध्या एक फेस क्रीम ऱ्हायला हाय," ती गिऱ्हाइकाला हात पुढं करून दाखवायची. "आठ दिस झाले, भांडण न्हाई, तंटा न्हाई. वरच्या खोलीत ते दुसरं होतं ना, गुलाबी डबीवालं, त्याला चौथ्या दिवशीच काढलं. लई खाजवत होतं बाई."

सिरसाळ्याच्या बाजारगल्लीत, आमच्या घरासमोर, तिचं पत्र्याचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, तिनं स्वतः भिजवून भरलेले मेंदीचे कोन, पावडरी आणि क्रीमं. आख्खा बाजार तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. तिचा मुलगा कय्युम गॅरेज चालवतो, तो तिला पंधरा वर्षांपासून दुकान बंद कर म्हणतो आहे, आणि ती पंधरा वर्षांपासून त्याला ‘हौ’ म्हणते आहे.

हाताच्या या दोन खोल्यांमागं एक कपाळ आहे. तीसेक वर्षांपूर्वी, दुकान नवं असताना, अजमतबीनं शहरातून आणलेल्या टिकल्या वस्तीवरच्या सावित्रीबाईंना विकल्या होत्या. महिन्याभरात टिकलीखालची कातडी पांढरी पडली आणि ती पांढरीच राहिली. आजही सावित्रीबाई दुकानासमोरून जाताना पदर थोडा मागं घेतात, तो डाग नीट दिसावा म्हणून. अजमतबी दर वेळी खाली बघते. तेव्हापासून तिनं एक गोष्ट ठरवून टाकली. आधी चौदा दिवस आपल्या हातावर, मग दुसऱ्याच्या गालावर. या शब्दावर तिचं दुकान चालायचं. तिच्याकडची क्रीम महाग असायची, जुनाट असायची, कधी डबीवर धूळ असायची; पण खालाच्या हातानं पास केलेली असायची.

डब्यांवरचं बारीक इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडं आहे. मराठी घेऊन एम.ए. केल्यावर गावात मला मिळालेली ही पहिली आणि आजवरची एकमेव नेमणूक.

"हे काय लिवलंय?"

"खाला, हे रसायनाचं नाव आहे. मला नाही कळत."

"एवढी पुस्तकं वाचली, आन् हे चार वळी अक्षर कावून न्हाई कळत?"

याचं उत्तर माझ्या प्राध्यापकांनाही देता आलं नसतं.

गेल्या एप्रिलमध्ये, बाजाराच्या दिवशी, परळीचा सोमेश्वर मोटारसायकलवरून आला. तो दुकानादुकानांत सौंदर्याचा माल पुरवतो. परळीहून येणाऱ्या सगळ्यांसारखी त्याच्याही पिशव्यांवर तिथल्या वीजकेंद्राच्या राखेची बारीक पूड असते, आणि तो ती फुंकर मारून उडवतो आणि मगच सौंदर्य बाहेर काढतो. त्यानं एक खोकं उघडलं. आत बारा नाजूक बाटल्या. पारदर्शक काच, आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, वर रबराचा ड्रॉपर.

"व्हिटॅमिन सी सिरम, खाला. पुण्या-मुंबईच्या बायका हे लावल्याबिगर घराबाहीर पडत न्हाईत."

"मंग घरातच बसल्या असत्याल बिचाऱ्या."

"चेष्टा नका करू. सात दिवसांत डाग गायब. शंभर टक्के नॅचरल. केमिकल-फ्री. डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड."

"ह्यो शेवटला कोण?"

"कातडीचा डॉक्टर."

"कुठं बसतो?"

"कोण?"

"डॉक्टर. नाव-गाव असंल की त्याचं."

सोमेश्वरनं खोकं उलटंपालटं करून पाहिलं. डॉक्टरचा पत्ता लागला नाही. मग त्यानं खोक्यावरचे दोन फोटो दाखवले. डावीकडं डागांचा चेहरा, उजवीकडं बिनडागांचा. अजमतबीनं चष्मा लावला. बांगडीतला केसाएवढा तडा शोधणारी नजर तिनं त्या फोटोंवर फिरवली.

"नाक बदललंय हिचं."

"आं?"

"हे नाक बसकं, ते सरळ. सात दिसांत नाक बी बदलतंय का रे? तसं असंल तर दोन खोकी ठिव. गावात गिऱ्हाईक हाय."

शेवटी एकच खोकं राहिलं. सोमेश्वरला तिची पद्धत माहीत होती. चौदा दिवसांनी येतो म्हणाला आणि राख उडवत निघून गेला. अजमतबीनं एक बाटली फोडली, दोन थेंब वरच्या खोलीत चोळले आणि हात नाकाशी नेला. लिंबाचा वास होता. बाकीच्या अकरा बाटल्या तिनं पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ओळीनं मांडल्या. तिथं ऊन येतं, आणि काच उन्हात चांगली दिसते, हे बांगडीवालीला कुणी शिकवावं लागत नाही.

पाचव्या दिवशी करिष्मा आली.

करिष्मा म्हणजे वस्तीवरच्या छबुबाईची मुलगी. वय बावीस. नुकतीच आईबापांबरोबर ऊसतोडीहून परतली होती. पाच महिने उसाच्या फडात काढलेले तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग, कुणी चहाची ओली बोटं टेकवल्यासारखे. मे महिन्याच्या सुरुवातीला तिचं लग्न होतं. तिनं फळीवरच्या बाटल्या पाहिल्या आणि तिथंच नजर अडकली.

"खाला, एक द्या की."

"अजून हात बोलला न्हाई. नऊ दिस ऱ्हायलेत."

"लग्नाला सोळा ऱ्हायलेत! दिवाळीत बघून गेले तवा माझं तोंड साफ होतं. आता बघून म्हणत्याल, दाखवली एक आन् दिली दुसरी."

"म्हणू दे. त्यांचा पोरगा तर त्योच हाय ना? तेवढं तू बघून घी."

करिष्मा हसली, पण हात फळीकडं गेलाच. अजमतबीनं त्याच्यावर हलकी चापट मारली.

"आयक. हाताला इचारल्याबिगर गालाला काय बी लावायचं न्हाई. गाल बिचारा मुका असतो. बिघडला तरच बोलतो."

"तुमचा हात बी लई हळू बोलतो, खाला," करिष्मा म्हणाली आणि रिकाम्या हातानं परत गेली.

त्या नऊ दिवसांत दोन गोष्टी घडल्या. एक, अजमतबीच्या वरच्या खोलीत काहीच घडलं नाही. खाज नाही, चट्टा नाही. दोन, बाटल्यांमधलं पाणी पाणी राहिलं नाही. आधी ते पिवळसर झालं, मग मधासारखं, आणि चौदाव्या दिवशी फळीवरच्या अकराही बाटल्यांत कोरा चहा भरून ठेवल्यासारखा दिसत होता.

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. पण अजमतबी मेंदीवाली होती. मेंदी भिजवली की ती हिरवी असते, तेव्हा तिला कुणी हात लावत नाही. झाकून ठेवायची, उबेला ठेवायची, वरचा थर काळपट पडला की समजायचं, रंग सुटला. आयुष्यभर तिनं गडद होणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवला होता.

"बघ," ती बाटली उन्हाकडं धरून मला म्हणाली, "सोमेश्वर कच्चाच माल घिऊन आलता. आता मुरला."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. त्या उन्हात ती बाटली फार सुंदर दिसत होती.

त्याच दुपारी करिष्माला निरोप गेला. ती धावतच आली. अजमतबीनं तिच्यासमोर आपला हात उघडून दाखवला, वरची खोली दाखवली, आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या ओंजळीत ठेवली. जाताना करिष्मानं दोन-चारची एक आणि दोन-सहाची एक बांगडीही विकत घेतली. चुडा भरायच्या आधी हात रिकामा नको म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं.

पाच दिवसांनी मुबश्शिरा सुट्टीवर आली. मुबश्शिरा ही कय्युमची मुलगी, बीडला डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. दुपारी ती दुकानात येऊन बसली, आजीनं दिलेलं खरबूज संपवलं आणि हात पुसता पुसता फळीवर उरलेल्या बाटल्यांकडं बघत राहिली.

"दादी, हे काय आहे?"

"सिरम. मुरलेलं."

"मुरलेलं?"

अजमतबीनं तिला मेंदीची सगळी गोष्ट सांगितली. मुबश्शिरा आधी हसली. मग तिनं आजीचा चेहरा पाहिला आणि हसू थांबवलं. तिनं मोबाईलचा कॅमेरा लेबलवर धरून अक्षरं मोठी केली.

"व्हिटॅमिन सी आहे यात. किती आहे ते नाही लिहिलेलं. ते आणि सुगंध, लिंबाचं तेल. लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही. एक्स्पायरीवर वेगळं स्टिकर चिकटवलंय, हे बघा, कोपरा निघतोय."

"केमिकल न्हाई म्हणला त्यो."

"दादी, पाणीसुद्धा केमिकलच आहे. केमिकल नसलेली बाटली म्हणजे रिकामी बाटली."

"आन् हे मुरणं?"

"हे मुरणं नाही." तिनं एक बाटली फळीवरून उचलून सावलीत ठेवली. "व्हिटॅमिन सी हवेनं, उन्हानं, उष्णतेनं खराब होतं. म्हणून ते गडद बाटलीत भरतात आणि थंड जागी ठेवतात. असं चहासारखं झालं की त्यातला गुण गेलेला असतो. वर कातडीला त्रास होऊ शकतो. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर चट्टेही येऊ शकतात."

"पर माझ्या हाताला कायच झालं न्हाई! चौदा दिस लावलं!"

"पहिले काही दिवस तुम्ही चांगलं लावलं, नंतर थोडं बिघडलेलं. आणि दादी," मुबश्शिरानं तिचा हात हातात घेतला, "या हातावर तीस वर्षांत काय काय चोळलंय तुम्ही? ही कातडी आता कशालाच घाबरत नाही."

अजमतबीनं हात सोडवून घेतला. मग विचारलं, "म्हंजे हे व्हिटॅमिनच खोटं?"

"खोटं नाही. चांगलं बनवलेलं, नीट ठेवलेलं असेल तर डाग थोडेफार फिके होतात. पण महिने लागतात. सात दिवसांत फक्त बाटली रिकामी होते. आणि वांगाला तर आधी ऊन चुकवायचं आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं. नाव-गाव असलेल्या."

अजमतबीनं मला फोन लावायला लावला. तिकडून छबुबाईनं उचलला. मागं भांड्यांचा आवाज, पोरांची रडारड आणि कुणीतरी लावलेलं गाणं.

"छबुबाई, करिष्माला द्या जरा. ती बाटली—"

"खाला का? हां हां, सकाळी लवकर या! हिरवा चुडा दोन्ही हातांचा, आन् आमच्या चार सुनांच्या बी हायेत! आयकू येईना, ठेवते!"

दुसऱ्यांदा लावला तर उचललाच नाही. मुबश्शिरानं करिष्माच्या नंबरवर मेसेज टाकला. तो गेला, पण वाचला गेल्याची खूण उमटली नाही. कय्युम गाडी घेऊन परळीला गेला होता. अजमतबी दुकानामागच्या नळावर गेली आणि साबणानं डावा हात धुऊ लागली. धुऊन झाला, तरी धूतच राहिली.

सकाळी कय्युमनं मुबश्शिरासकट आम्हाला वस्तीवर सोडलं. बांगड्यांची पेटी अजमतबीनं मांडीवर धरली होती, पण वाटेत एकदाही उघडून पाहिली नाही. दारात मांडव होता. मांडवात सतरंजीवर पंधरा-वीस बायका, आणि सगळ्यांत पुढं, पदर चांगला मागं घेऊन, सावित्रीबाई. त्या करिष्माच्या मोठ्या चुलती लागतात, हे मला तिथं कळलं. अजमतबीला आधीपासून माहीत असणार.

करिष्माला आणून पाटावर बसवलं. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, आणि हनुवटीपर्यंत ओढलेला पदर. चेहरा दिसत नव्हता. छबुबाई म्हणाली, "घ्या खाला, करा सुरू. एवढ्या उन्हात तोंडावरचा पदर काढायला तयार न्हाई, काय खूळ हाय पोरीचं."

तिनं पेटी उघडली, करिष्माचा उजवा हात घेतला, अंगठ्याचं हाड दाबून पाहिलं, ‘सोड, मऊ सोड’ म्हणाली आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवू लागली. तिच्या हातून बांगडी फुटत नाही असं गावात म्हणतात. तिसरीच फुटली.

अजमतबीनं काचा वेचून पेटीच्या झाकणात ठेवल्या आणि मान वर केली.

"तोंड बघायच्या आधीच सांगते," ती म्हणाली, "म्हंजे नंतर कुणी म्हणायला नको की दिसलं म्हणून बोलली. मी हिला एक बाटली दिली. ती खराब होती. मला वाटलं मुरली, ती नासली होती. माझ्या हाताला लागली न्हाई म्हणून हिच्या गालाला चालंल म्हणले. चुकले मी."

सावित्रीबाईंना तीस वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती.

"झालं! माझ्या कपाळानं भागलं न्हाई, आता पोरीचं तोंड! अगं, खालाचा हात म्हंजे काय सरकारी शिक्का का? काढ गं तो पदर, बघू दे सगळ्यांना!"

करिष्मानं पदर काढला.

गाल तसेच होते. तेच वांगाचे डाग, चहाच्या बोटांचे. नवं काहीच नाही. फक्त डोळे जरा सुजलेले.

"रडत होते म्हणून पदर घेतलता, काकी," ती सावित्रीबाईंना म्हणाली. "लग्न हाय माझं. रडू बी देत न्हाईत कुणी."

मग तिनं डाव्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही वर सरकवली. मनगटाच्या चार बोटं वर दोन-चारची बांगडी अडकवलेली होती, तिच्या वर दोन-सहाची. मधल्या जागेत कातडी लालबुंद होती. बारीक पुरळ, खाजवल्याच्या रेघा.

"चौदा दिस माझ्याकडं नव्हते," ती अजमतबीला म्हणाली. "पाचच दिस लावलं. तिसऱ्या दिवशीच भाडेकरू भांडायला लागला."

अजमतबी त्या लाल पट्ट्याकडं बघत राहिली.

"पर मी तर हात दाखवलता तुला," ती हळूच म्हणाली. "भरवसा न्हाई ठिवलास?"

"तुमीच म्हणल्या ना, गालाला लावायच्या आधी हाताला इचारायचं. तुमचा हात तुमच्या गालाचा, खाला. माझ्या गालाला माझाच हात पायजे."

मांडवात कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. अजमतबीही हसली, पण तिला ते जमत नव्हतं. तोंड हसत होतं आणि ती पदरानं डोळे पुसत होती. मुबश्शिरा पुढं झाली, पुरळ पाहिलं, म्हणाली की नक्की कशानं उठलं ते ती सांगू शकत नाही, पण आता काहीही लावायचं नाही, साध्या पाण्यानं धुवायचं, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर दवाखान्यात जायचं. छबुबाई तेवढ्यात ‘हळद लावू का त्याच्यावर’ म्हणाली, आणि अजमतबी एकदम ओरडली, "काय बी न्हाई लावायचं! आयकलं न्हाई का डॉक्टरनीचं?"

मुबश्शिरा अजून डॉक्टरीण नाही, आणि फार्मसी करून होणारही नाही. पण त्या मांडवात कुणी हरकत घेतली नाही.

डाव्या हाताचा चुडा अजमतबीनं फार हळू भरला. आधी त्या दोन अडकवलेल्या बांगड्या तिनं तेलाचा थेंबही न लावता, नुसत्या बोटांनी फिरवत फिरवत खाली उतरवल्या. पुरळाला धक्का लागला नाही. हिरवी काच मनगटावर बसली तेव्हा करिष्मानं वाकून नमस्कार केला. अजमतबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्या उतरवलेल्या दोन बांगड्या आपल्या पेटीत टाकल्या.

"त्या माझ्या हायेत," करिष्मा म्हणाली. "इकत घेतल्यात."

"सासरी नव्या घिऊन जा. या मला पायजेत."

निघताना सावित्रीबाईंनी हाक मारली. "अजमत." खाला नाही, नुसतं नाव. "माझ्या सुनेला पावडर पायजे. हात काय म्हणतो तुझा?"

"माझ्या हाताला नका इचारू आता," अजमतबी म्हणाली. "सुनेला दुकानात धाडा. हात घिऊन ये म्हणावं."

सावित्रीबाईंनी पदर पुढं ओढला. कपाळ झाकलं गेलं. उन्हासाठी असेल, ऊन बरंच होतं.

चौदा दिवसांनी येतो म्हणालेला सोमेश्वर आठवडा उशिरानं, पुढच्या बाजाराला आला. दहा बाटल्या खोक्यात भरून तयार होत्या. तो कुरकुरला, कुणा एकीला खाज सुटली म्हणून काय झालं, म्हणाला, नाजूक असंल पोरगी. अजमतबीनं त्याला ‘हात पुढं कर’ म्हटलं. पाच महिने ऊस तोडणारा हात नाजूक म्हणे, आता तुझा बघू. तिनं दोन-आठची बांगडी घेतली आणि त्याच्या पंजावर दाबायला लागली. गल्लीतली माणसं जमा झाली. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली. सोमेश्वर ‘खाला, खाला’ करत राहिला, आणि शेवटी खोकं काखेत मारून, एक फुंकरही न मारता, राखेसकट पळाला.

आता दुकानात क्रीम मागायला आलेल्या मुलीला अजमतबी आधी दोन बांगड्या चढवते, थेंबभर क्रीम मध्ये लावते आणि पंधरवड्यानं ये म्हणते. धंदा निम्मा झाला आहे, असं कय्युम सांगतो. ‘हौ,’ अजमतबी त्याला म्हणते. तिच्या स्वतःच्या हातावर आता दोनच बांगड्या आहेत, त्या करिष्माच्या. मधली खोली ती रिकामी ठेवते.

लग्नाचे फोटो करिष्मानं मला पाठवले. ते मी दुकानात नेऊन दाखवले. अजमतबीनं चष्मा लावला, मोबाईल उन्हापासून लांब सावलीत धरला आणि बराच वेळ पाहिलं. गालांवर वांग होतं. करिष्मा नवऱ्याकडं बघून काहीतरी म्हणत होती आणि तो हसत होता.

"नाक त्येच हाय," अजमतबी म्हणाली आणि मोबाईल परत दिला.